अकराव्या मजल्यावर रातकिडा

थोरल्या आणि धाकट्या जावयाचं वाकडं होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. वाकडं व्हायला आधी दोन शब्द बोलावे लागतात. नऊ वर्षं हे दोघे साडू सासूबाईंच्या बैठकीतल्या एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसत आले होते, आणि दर वेळी त्यांचं बोलणं असं व्हायचं: "काय म्हणता?" "चाललंय." "बरंय." मग दोघेही टीव्हीकडे बघायचे. टीव्ही बंद असला तरी.

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगानं आडवा, आवाजानं बारीक, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ग्रीस. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. त्याला सगळं मिलिमीटरमध्ये दिसायचं, आणि थोरला चहा बशीत सांडतो हे त्याला नऊ वर्षांत सोसलेलं नव्हतं. थोरल्याला वाटायचं, हा माणूस शिंकतानासुद्धा आधी रुमालाची घडी बघतो.

मग एका रविवारी सासूबाईंचं जुनं कपाट थोरलीच्या घरी न्यायचं ठरलं. थोरल्यानं कामावरची व्हॅन आणली. दोघांनी घामाघूम होऊन कपाट चढवलं, पुढच्या सीटवर बसले, थोरल्यानं चावी फिरवली, आणि व्हॅनमध्ये आदल्या दिवशी अर्धवट राहिलेलं संगीत दणदणत सुरू झालं. थोरल्यानं चोरी पकडली गेल्यासारखा ते बंद करायला हात पुढे केला. धाकट्यानं तो हात मनगटाला धरला.

"थांबा. ही रातकिड्याची कारखान्यातली रेकॉर्डिंग ना?"

थोरल्यानं त्याच्याकडे असं बघितलं, जणू सोफाच बोलला होता. "तुम्हाला काय माहीत?"

"बावन्नाव्या मिनिटाला सगळं थांबतं..."

"साडेबावन्न," थोरला म्हणाला.

डीजे रातकिडा ही एक बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले, कापलेले. एका बंद पडलेल्या कारखान्यात तिनं एकदा तीन तास रेकॉर्ड वाजवल्या होत्या, आणि ती रेकॉर्डिंग ज्यांना लागली त्यांना ती लागलीच. धाकटा काचा घासताना कानांत ती घालून बसायचा. थोरला लिफ्टच्या खोल्यांत, एकटा, मोठ्यानं. दोघांच्याही बायकांना तो "तो धडधडाट" म्हणून माहीत होता. आपल्यासारखं दुसरं कुणी असेल, तेही सासरच्या गोतावळ्यात, हे दोघांच्याही स्वप्नात नव्हतं. व्हॅन जागच्या जागी चाळीस मिनिटं उभी राहिली. शेवटी सासूबाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, "अहो, कपाट पोचवताय की त्यात राहायला गेलात?"

पुढच्याच महिन्यात बातमी आली. रातकिडा शहरात येणार. सात वर्षांनी, एकच रात्र, नदीजवळच्या त्या काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावरच्या क्लबमध्ये.

तिकिटाचा आकडा बघून धाकट्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा तेवढाच राहिला. एका माणसाच्या तिकिटात घराचं अर्ध्या महिन्याचं भाडं निघालं असतं. त्यानं थोरल्याला फोन केला. नऊ वर्षांतला पहिला.

"बघितलं?"

"बघितलं," थोरला म्हणाला. "लुटालूट आहे."

"आहेच."

"माणसानं इतकं डोकं फिरवून घेऊ नये."

"नयेच."

धाकट्यानं फोन ठेवायला घेतला. मग थोरला म्हणाला, "मी दोन घेतलीत."

आता घरी सांगायचा प्रश्न होता. तिथं दोघांनी एक घोडचूक केली. खोटं बोलायचं ठरवलं, पण आकडा ठरवला नाही. थोरल्यानं थोरलीला सांगितलं, तिकीट खऱ्याच्या चौथाईला पडलं, ओळखीनं. धाकट्यानं धाकटीला सांगितलं, तिकीट फुकट आहे, दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं दिलं. आणि या दोघी सख्ख्या बहिणी. एकीला शिंक आली तरी दुसरीला फोन जाणाऱ्या.

त्या रात्री थोरल्यानं नवा शर्ट घातला होता, गडद निळा, चकाकणारा, इस्त्रीच्या घड्या अजून मोडायच्या होत्या. धाकट्यानं नवे बूट घेतले होते. दुकानात ते छान बसले होते, रांगेत उभं राहिल्यावर ते पायांवर रुसले. रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीपर्यंत गेली होती. पुढे-मागे सगळी पंचविशीची पोरं-पोरी, चमचमणारे गाल, हवेत अत्तर आणि धूर. वरून, अगदी वरून, काचेतून झिरपत खालच्यांना फक्त ठोका ऐकू येत होता. कुणीतरी आधीचा डीजे वाजवत होता, तरी रांगेतले खांदे आपोआप हलत होते.

"दिवसभर एक काच नीट बसली नाही," धाकटा म्हणाला.

"मला तर लग्नाच्या दिवशीसुद्धा असं झालं नव्हतं," थोरला म्हणाला, "पण हे आपल्यातच राहू द्या."

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. धाकटीचा. आणि मागे थोरलीचा आवाजही होता. दोघी थोरलीच्या घरी रात्रभर गप्पा मारायला जमल्या होत्या.

"एक विचारायचं होतं," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "ताईच्या नवऱ्याला तिकीट चौथाईला पडलं आणि तुम्हाला फुकट मिळालं, मग दोन्ही तिकिटं भावोजींच्या कार्डावर पूर्ण किमतीला कशी निघाली? बँकेचा मेसेज ताईच्या फोनवर पण येतो, हे विसरले वाटतं."

धाकट्यानं फोन थोरल्याच्या हातात दिला. थोरल्यानं तो कानाला लावला आणि परत धाकट्याकडे दिला. शेवटी स्पीकर लावून मध्ये धरला.

"ऐका दोघांनी," थोरली म्हणाली. तिच्या आवाजाला घरात सगळेच वचकून असत. "भाव ऐकून माझे डोळे पांढरे झाले. त्याचा हिशोब उद्या. पण एवढे पैसे घातलेच आहेत, तर शेवटचं गाणं वाजेपर्यंत कुणी घरी यायचं नाही. अर्ध्यातून आलात तर दार उघडणार नाही. आणि बुटांनी पाय चावले वगैरे रडगाणं नको."

"तिला बुटांचं कसं कळलं?" फोन ठेवल्यावर धाकट्यानं विचारलं.

"तिला सगळं कळतं," थोरला म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला होता. छातीवरचा दगड उतरला होता, आणि आता नुसता ठोका उरला होता.

रांग पुढे सरकत सरकत तळमजल्यावरच्या लॉबीत आली, आणि तिथं थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाहुण्यांची लिफ्ट वर-खाली करत होती, पण दारावरचे दोघे रखवालदार कुणाला आत सोडेनात. एक जण सारखा फोनवर बोलत होता आणि कपाळ पुसत होता. लोक कुरकुरायला लागले. थोरला मात्र दुसरंच काही ऐकत होता. मान तिरकी, डोळे छताकडे.

"घंटा," तो म्हणाला.

"कसली?"

"लिफ्टची. मागची मालाची लिफ्ट असणार. अडकलीय. आत माणसं आहेत."

तो सरळ रखवालदाराकडे गेला. धाकटा लंगडत मागे. थोरल्यानं खिशातून ओळखपत्र काढलं, दुसऱ्या कंपनीचं, पण लिफ्टवाल्याचंच. रखवालदाराला तेवढ्यानंही देव भेटल्यासारखं झालं.

"नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये अडकलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "वीस मिनिटं झाली. कंपनीचा माणूस म्हणतोय दीड तास लागेल, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे."

"आत किती जण?"

"तिघं. आणि रेकॉर्डच्या पेट्या."

धाकट्यानं थोरल्याचा दंड गच्च धरला. "रेकॉर्डच्या पेट्या," तो म्हणाला.

दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. थोरल्यानं तो सव्वीस वर्षं पाळला होता. त्यानं रखवालदाराकडून त्या कंपनीच्या माणसाचा नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडचा आवाज ओळखीचा निघाला. शहरात लिफ्टवाले असे कितीसे असणार, सगळे कुठं ना कुठं एकत्र शिकलेले.

"तू तिथं काय करतोयस?" पलीकडचा म्हणाला.

"नाचायला आलोय."

पलीकडचा आधी खो खो हसला. मग तो म्हणाला, "हे बघ, किल्ल्या रखवालदाराकडे आहेत. तू हातानं वर घे, मी फोनवर आहे. जबाबदारी माझी. पण दोन माणसं लागतील."

"आहेत दोन," थोरला म्हणाला.

यंत्राची खोली गच्चीवर होती. आत गरम तेलाचा वास, भिंतीला टेकलेला झाडू, आणि मध्ये ते धूड, मोटार आणि जाडजूड चाक. चाकावरून दोर जमिनीतल्या भोकांतून खाली, खोल अंधारात उतरले होते. थोरल्यानं आधी मुख्य वीज तोडली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग भोकापाशी गुडघे टेकले आणि त्या बारीक आवाजात ओरडला, "घाबरू नका! वर घेतोय! दाराला हात लावू नका!"

खालून कुणीतरी "बरं" म्हटल्यासारखं वाटलं.

"मी ब्रेक उघडा धरतो," त्यानं धाकट्याला समजावलं. "तुम्ही चाक फिरवायचं. मी 'थांब' म्हटलं की थांबायचं. एक बोटभर जास्त नाही. दोरावर ही पिवळी खूण दिसतेय? ती या रेषेवर आली, की लिफ्ट बरोबर दहाव्या मजल्यावर."

"किती मिलिमीटरपर्यंत चालेल?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं त्याच्याकडे पहिल्यांदाच मनापासून कौतुकानं बघितलं. "जितकं नेमकं जमेल तितकं."

धाकट्यानं जॅकेट काढलं, चष्मा वर सरकवला आणि चाकाला भिडला. पहिला फेरा जड गेला. थोरल्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. खूण केसभर सरकली. पुन्हा. थांब. पुन्हा.

आणि तेव्हा खालून ठोका यायला लागला.

क्लबातला नव्हे, तो भिंतींतून घुमत होता. हा दोरांच्या भोकांतून येत होता. कुणीतरी लिफ्टच्या पत्र्यावर हातानं वाजवत होतं. आधी सुटा सुटा, कंटाळा घालवल्यासारखा. मग चाकाचा कुरकुर आवाज ज्या तालात वरून जात होता, त्याच तालात. चाक कुरकुरलं, की खालून दोन ठोके. थांबलं, की एक लांब घसरा.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ती आहे," धाकटा म्हणाला.

"तीच. चाक फिरवा."

"ती आपल्याबरोबर वाजवतेय हो!"

"चाक फिरवा, नाहीतर दीड तास अशीच वाजवत बसेल!"

धाकट्यानं फिरवलं. आता त्याला जड वाटत नव्हतं. ठोका त्याला ओढत होता आणि तो ठोक्याला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. पिवळी खूण रेषेजवळ आली, रेषेला टेकली. "थांब!" थोरल्यानं ब्रेक बसू दिला. धाकट्यानं वाकून बघितलं. "अर्धा मिलिमीटर वर आहे," तो म्हणाला.

"असू दे," थोरला म्हणाला. "एवढ्यावर कुणी अडखळत नाही."

दहाव्या मजल्यावर थोरल्यानं तिकोनी किल्लीनं दार उघडलं. आत दोन पोरं होती, घामानं निथळणारी, आणि त्यांच्यामध्ये रेकॉर्डच्या पेटीवर पाय पसरून बसलेली एक पिकल्या केसांची बाई. ती उठली. थोरल्यानं सव्वीस वर्षांत शेकडो माणसं अशी बाहेर काढली होती. तिच्यासाठी त्यानं मनात कितीदा तरी वाक्यं जुळवली होती, कारखान्याच्या रेकॉर्डिंगबद्दल, साडेबावन्नाव्या मिनिटाबद्दल. तोंडातून आलं ते एवढंच:

"पाय जपून टाका."

"टाकते," रातकिडा म्हणाली. "वॉशरूम कुठंय?"

धाकट्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ती तीरासारखी गेली. दोघे साडू पेट्यांकडे बघत उभे राहिले, देवळाबाहेर राहून गेलेल्या चपला राखायला बसवल्यासारखे.

ती परत आली ती हात पुसत. थोरल्याचे काळे पंजे आणि शर्टावर आडवा उमटलेला ग्रीसचा पट्टा तिनं बघितला. "चाक तुम्ही फिरवत होतात?"

"मी," धाकटा म्हणाला.

"ताल चांगला धरला होता. मध्ये एकदा चुकलात."

"यांनी ब्रेक हलवला," धाकटा म्हणाला.

ती हसली, मोठ्यानं, खोकल्यासारखं. "या, मंचावर माझ्यामागे उभे राहा. जागा करायला सांगते."

धाकटा लगेच जिन्याकडे वळला. आणि थोरला शांतपणे म्हणाला, "नको. आम्ही गर्दीत, बरोबर मधोमध उभे राहू. आवाज तिथं नीट येतो."

रातकिड्यानं मान तिरकी करून त्याला न्याहाळलं. "येतो खरा," ती म्हणाली, आणि पेटी उचलून जिन्यानं वर गेली. लिफ्टकडे तिनं वळूनही बघितलं नाही.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" ती दिसेनाशी होताच धाकटा उसळला. "तिच्यामागे! तिच्या मागे उभं राहायला मिळत होतं!"

"मागे उभं राहून काय, तिची पाठ बघायची?" थोरला म्हणाला. "चला. मधली जागा जाईल."

क्लबात अंधार होता आणि माणसं इतकी, की हात खाली गेला तर वर यायला वाट नाही. पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकून थोरल्यानं बाटली परत ठेवली, मग धाकट्याच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा उचलली. चार दिवसांची भाजी एका घोटात, तो पुटपुटला. ते कोपरं मारत, माफी मागत, बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. दिवे गेले. सगळी गर्दी एकदम चूप.

मग ती सुरू झाली.

आधी कानाला काही कळलंच नाही, पायाला कळलं. जमीन आतून भरून आली. मग फासळ्यांत, मग दातांत. धाकटा त्या एका तुकड्याची वाट बघत होता, कारखान्यातल्या, ज्यासाठी अर्ध्या महिन्याचं भाडं घातलं होतं. एक तास गेला. तो आला नाही. ती ओळखीचं काहीच वाजवत नव्हती. सगळं नवं, तुटक, उलटंपालटं, मध्येच एखादा बायकी आवाज पाण्याखालून आल्यासारखा, मध्येच नुसती खरखर. धाकट्याला क्षणभर रुखरुख वाटली. त्यानं थोरल्याकडे बघितलं.

थोरला डोळे मिटून नाचत होता. नाचणं कसलं, तो जागच्या जागी, दोन्ही पायांवर आळीपाळीनं, एवढ्या मोठ्या देहाला शोभणार नाही इतक्या हलकेपणानं उचलला जात होता. भोवतीच्या पोरापोरींनी त्याला जागा करून दिली होती. एक पोरगी त्याच्या शर्टावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून ओरडली, "कुठून घेतला?" त्याला ऐकूच आलं नाही.

आणि मग ठोका एकदम गेला. सगळा. हजार माणसं हवेत पाय उचलून थांबल्यासारखी. धाकटा मोजत राहिला, एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला जे कोसळलं त्यानं त्याचा चष्मा नाकावरून उडाला. तो समोरच्या पोराच्या टोपीत अडकला. धाकटा थोरल्याच्या खांद्यावर दोन्ही हात आदळून किंचाळला, "अरे! अरे, ऐकलंस का तू हे!"

"ऐकलं रे!" थोरल्यानं ओरडून त्याला जमिनीवरून उचललं. "ऐकलं!"

नऊ वर्षांचं "अहो-जाहो" तिथंच कुठंतरी पायांखाली गेलं. कुणी ते शोधलं नाही. धाकट्यानं बूट काढून कमरेला बांधले. चष्मा टोपीवाल्यानं परत दिला, तो एका काडीनं वाकडा झाला होता, आणि धाकट्यानं तो तसाच वाकडा घातला. चार वाजता दिवे लागले, लोकांनी ओरडून ते बंद करायला लावले, आणि रातकिड्यानं आणखी एक वाजवलं. मग आणखी एक. शेवटच्याला तिनं हात वर केला आणि गर्दीच्या मधोमध कुठंतरी बोट दाखवलं. आपल्यालाच, असं दोघांचंही मत होतं. तसंच तिथल्या निदान दोनशे जणांचंही असेल.

घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं. थोरलीनं दार उघडलं. समोर दोघे: एक अनवाणी, एक ग्रीसनं माखलेला, दोघांचेही कान इतके बधिर की "आलो" हे त्यांनी सगळ्या मजल्याला सांगितलं.

"हळू!" ती म्हणाली. "शर्टाचं काय केलंत? मारामारी झाली?"

"तिला बाहेर काढलं!" धाकटा ओरडला. "आम्ही! लिफ्टमधून! रातकिड्याला!"

धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली. थोरलीनं कमरेवरचे हात खाली घेतले. पैशांचा विषय काढायचं ठरवून ती रात्रभर तयारीत बसली होती, पण आता तिनं खुर्ची ओढली. "पहिल्यापासून सांगा. आणि एकेकानं."

एकेकानं जमणार नव्हतंच. एक वाक्य सुरू करायचा, दुसरा ते पळवायचा. धाकट्यानं चाक म्हणून टेबलावरची थाळी फिरवून दाखवली. थोरल्यानं "बोटभर नव्हे, केसभर" म्हणून त्याला दोनदा दुरुस्त केलं. चहा आला, निवला, परत तापवावा लागला. थोरलीनं नवऱ्याला इतकं बोलताना लग्नानंतर ऐकलं नव्हतं. ती मध्ये एकदा हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत, "पाय जपून टाका" ऐकून.

"आता आधी अंघोळ," ती शेवटी म्हणाली. "सगळ्या खुर्च्यांना ग्रीस लावलंत."

थोरला नाइलाजानं उठला. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. बाहेर धाकट्यानं थाळी पुन्हा हातात घेतली.

"तर आम्ही मधोमध जाऊन उभे राहिलो," तो म्हणाला, "आणि दिवे गेले..."

पाण्याचा आवाज थांबला. "ए!" मोरीच्या दारामागून थोरल्याचा बारीक आवाज सगळ्या घरात घुमला. "थांब! ते मी सांगणार!"